ओल कुठवर मुरली

एका रविवारी संध्याकाळी आई म्हणाली, "देवापुढं दिवा आज तू लाव. मला शिवायचं न्हाई."

मी दिवा लावला, आणि मग थबकले. आईची पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. मी शेंडेफळ, मी शाळेत होते तेव्हाच ती बंद झाली. मग हे काय?

आईने काही लपवलं नव्हतं. शेजारच्या चुलतीला तर आधीच ठाऊक होतं. "म्हातारपनी तरनी झालीया तुजी आई," ती मला म्हणाली आणि दोघी हसल्या. आमच्या भागात जुन्या बायका असंच मानतात. गेलेली पाळी परत आली म्हणजे अंगात अजून रग आहे, ती चांगलीच गोष्ट. त्यामुळे आई रीतसर शिवाशिव पाळत होती आणि जरा खुशीतच होती.

मला हसता आलं नाही. कॉलेजात एकदा एक डॉक्टर बाई मुलींशी बोलायला आल्या होत्या. पाळी बंद झाल्यावर एक थेंब जरी दिसला तरी तपासून घ्यायचं, असं त्या म्हणाल्या होत्या. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच, त्यामुळे माझ्या बोलण्याला उगाच वजन येतं आणि मला त्याची भीती वाटते. तरी त्या दिवशी मी बोलले. शेळ्या व्यायला आल्यात, असं म्हणून आईने दोनदा टाळलं. शेवटी वडीलच म्हणाले, शेळ्या मी बघतो, तुम्ही जा.

पुण्यातल्या रुग्णालयात गर्भपिशवीतला तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला. पिशवीच्या आतल्या अस्तराचा, आणि बहुतेक पिशवीबाहेर न गेलेला.

आईने तिथल्या डॉक्टर बाईंना सरळ विचारलं, "मग म्याडम, मी ऱ्हातीया का जातीया?"

बाई म्हणाल्या, लवकर आलात हे फार चांगलं झालं. पुढचं काही गोष्टींवर आहे. गाठ भिंतीत किती खोल गेलीय, तिच्या पेशी सावकाश वाढणाऱ्या आहेत की चपळ, रक्तवाहिन्यांत किंवा जवळच्या ग्रंथींत काही शिरलंय का. वय, साखर आणि वजन हेही बघावं लागतं. आईने माझ्याकडे पाहिलं. मी स्टेज, ग्रेड असं काहीतरी पुटपुटले.

"कालेजात जातीस का म्हसरं वळाया?" आई म्हणाली.

मग मला आमच्या घराची मागची भिंत आठवली. मुळशीच्या पावसात ती दर वर्षी ओलावते. मी म्हटलं, "आई, भिंतीत ओल कुठवर मुरलीय, ते बघायचंय."

"गिलाव्यात हाय का इटंत गेलीया, येवडंच ना?"

बाई म्हणाल्या, अगदी तेवढंच. पण ते पिशवी काढून तपासल्याशिवाय नक्की कळणार नाही.

पिशवी काढली की बाई कामातून जाते, असं आमच्याकडे म्हणतात. आई तरीही तयार झाली. ऑपरेशन नीट झालं. तपासणीचा निकाल येईपर्यंतचे दिवस मात्र मला नीट आठवत नाहीत. मी फोनवर शोधायला बसायचे आणि दोन ओळी वाचून बंद करायचे. आई मला जेवायला वाढायची, खरं तर मीच तिला वाढायला हवं होतं.

निकाल सांगताना बाई आधी हसल्या. भिंतीच्या निम्म्यापर्यंतही गाठ गेली नव्हती. पेशी सावकाश वाढणाऱ्या होत्या, ग्रंथी स्वच्छ होत्या. शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायची गरज नव्हती. तपासणीला मात्र नियमाने यायचं. आणि आता साखर आणि वजन आवरलं नाही, तर उद्या त्रास देईल ते हृदय, असंही त्यांनी बजावलं.

बाईंनी पुढच्या तपासणीची तारीख सांगितली तेव्हा आई एकदम सावध झाली.

"त्या दिशी न्हाई जमायचं म्याडम. गावची जत्रा हाय. लेकी-जावई येत्यात."

"मग आठ दिवस आधी या. नंतर नाही चालणार."

"आदी येती. पर मग त्याच्या फुडची तारीक पेरणीत घालू नका."

बाई कॅलेंडर उलटून पावसाळ्याचे महिने बघू लागल्या. आई खुर्ची पुढे ओढून, कुठला आठवडा मोकळा आहे ते त्यांना सांगत बसली.