हंसराज आणताना बोलायचं नाही

माझी माय झाडपाल्याचं औषध द्यायची. मुकुटबनच्या अलीकडं आमचं गाव. पोराला खोकला झाला की बाया आधी आमच्या ओट्यावर येत, मग दवाखान्यात जात. तिचा एक नियम होता. आदल्या दिवशी झाडापाशी चार तांदूळ ठेवून त्याला आवतण द्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी पाला तोडल्यापासून आजाऱ्याच्या हातात ठेवेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. बोललं की औषधाचा गुण गेला.

मी याची खूप टर उडवायची. शिकलेली ना मी! पांढरकवड्याच्या शाळेत मास्तरीण. "त्या पाल्याले कान आहेत का वं, माय?" असं विचारायची.

"तुह्यापेक्षा बरे आहेत," ती म्हणायची आणि हसायची.

मागच्या हिवाळ्यात तिच्या छातीनं दगा दिला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, तेव्हाच सगळे काय ते समजले. मला समजूनही समजायचं नव्हतं. एका दुपारी माय दम खात खात म्हणाली, "हंसराज आणशीन का? काढा घेतला का मोकळं वाटन मले."

हंसराज नाल्याकाठच्या जुन्या विहिरीत, ओल्या दगडांच्या फटीत उगवतो. देठं काळीभोर, केसासारखी बारीक, आणि पान पाण्यात बुडवलं तरी कोरडंच. मी लगेच तांदूळ घेऊन गेले. कोणी बघत नाही ना, हे आधी पाहिलं. मग हात जोडले. "उद्या ये बाप्पा, मायसाठी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मूठभर तोडला आणि बांधाबांधानं परत निघाले. अर्ध्या वाटेत फोन वाजला. मोठ्या भावाचा होता. थांबला, पुन्हा वाजला. कापूस वेचणारी एक बाई ओरडली, "मास्तरीणबाई, फोन वाजून राह्यला ना, उचला!" मी नुसती मान हलवली. जन्मभर ज्या नियमाला हसले, तो त्या दिवशी असा पाळला की विचारू नका. चौथ्यांदा वाजला तेव्हा मनातल्या मनात भावावरच चिडले. याला कळत नाही का, माझ्या हातात औषध आहे! आग लागो माझ्या त्या शहाणपणाला.

अंगणात चपलाच चपला होत्या.

भाऊ दारातच होता. "काहून नाही उचलला वं फोन? मायच्या कानाले लावून बसलो होतो मी!"

तरी मी बोलले नाही. मूठ उघडून दाखवली. त्यानं हंसराज पाहिला आणि मटकन उंबऱ्यावर बसला.

"तिले माहीत होतं," तो रडत म्हणाला. "म्हणे, औषध आहे तिच्या हातात, थे बोलणार नाही. तिले सांग, बोललं तरी चालते. एकडाव आवाज ऐकू दे म्हणे तिचा. म्हणून घडीघडी लावून राह्यलो होतो मी."

मी आत गेले. मायचा हात अजून गरम होता. पाला तिच्या तळहातावर ठेवला, तिची बोटं मिटवली, आणि मग म्हटलं, "माय वं, मी आली."