न्हाणीतला लोखंडी नळ

मला नळाची भीती वाटते. साठीला टेकलेली बाई मी, चपलेनं विंचू मारलेत, आणि तोटीला भिते. हसा हवं तर. मी आधी बोटांची मागची बाजू लावून बघते, मगच तोटी फिरवते.

गेल्या पावसाळ्यात लेक पहिल्या बाळंतपणाला सेनगावला आमच्याकडे आली. पोरगं झालं. ते पंधरा दिवसांचं असेल, तर नळाला चहासारखं लाल पाणी यायला लागलं. लोखंडी पाइप टाकून तीस वर्षं झालेली, काळ्या मातीत गंजून गंजून चाळण झाली होती. असल्या पाण्यात लेकराला न्हाऊ घालायचं कसं? मी लगोलग नळवाल्याला बोलावलं. त्यानं रस्त्यापासून घराच्या भिंतीपर्यंत खोदलं, गंजका पाइप तुकड्या-तुकड्यांनी काढला आणि पांढरा प्लास्टिकचा टाकला. मग न्हाणीत डोकावून म्हणाला, काकू, भिंतीतला पाइपबी लोखंडीच हाय, तोबी काढून टाकू. त्यासाठी टाइल्स फोडाव्या लागणार होत्या. ह्यांच्या मागं वर्षभर भुणभुण करून बसवून घेतलेल्या टाइल्स त्या. मी म्हटलं, हात तर लावून बघ. बिचारा हत्यारं गोळा करून गेला. पाणी स्वच्छ आलं आणि मी गल्लीभर मिरवून आले.

दोन दिवसांनी लेक म्हणाली, न्हाणीतल्या नळाला हात लावला की मुंग्या येतात. मी म्हटलं, ओली बाळंतीण तू, अंगात रक्त नाही, मुंग्या येणारच. डिंकाचा लाडू खा. दुसऱ्यांदा म्हणाली, कधी येतात, कधी येत नाहीत. मी म्हटलं, अशक्तपणाचं असंच असतं. तिसऱ्यांदा तिनं मला नळापाशीच नेलं, तूच लावून बघ म्हणाली. मी तोटी चांगली मुठीत धरली. काही नाही. तेव्हा लाईट गेलेली होती, हे माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं. आलं नाही. उलट तिलाच बोलले, "आमी न्हाई का बाळंतपणं केली? तुलाच काहून एवढी तकलीफ?"

 तिनं नळाला हात लावायचंच सोडलं.

त्यानंतरची चौथी का पाचवी सकाळ. पावसाची झड लागलेली, भिंतींना ओल सुटलेली, पहाटेपासून लाईट नव्हती. लेकराला न्हाऊ घालणाऱ्या मावशी आल्या. गल्लीतली निम्मी लेकरं त्यांच्या पायांवर न्हाऊन मोठी झालीत. पाटावर बसून त्यांनी पाय लांब केले, नातवाला नडग्यांवर पालथं घातलं, तेल चोळलं. तो कोकलत होता. मी कोरडं धडपं घेऊन दारात उभी होते. बादलीतलं पाणी कढत होतं, म्हणून मावशींनी एक हात लेकरावर ठेवून दुसऱ्यानं नळ धरला. तेवढ्यात न्हाणीतला बल्ब लागला.

मावशी बोलता बोलता थांबल्या. नळावरची मूठ आवळली गेली, दंड थरथरायला लागला. डोळे माझ्याकडे, पण तोंडातून शब्द फुटेना. आणि कोकलणारं लेकरू एकदम गप झालं.

लेकीचं तिन्ही वेळचं बोलणं मला तेव्हा एकदम आठवलं. माझे हात लेकराकडे गेलेही होते, वीतभर अंतरावरून मी ते मागं ओढले आणि पळाले. लेकराला तिथंच टाकून, त्याच्याकडे पाठ करून पळाले. मेन स्विच पुढच्या दारापाशी. लेकराचा आवाज का थांबला म्हणून लेक आतल्या खोलीतून बाहेर येत होती. मी तिच्या अंगावरून गेले, ती न्हाणीकडे निघाली. "हात लावू नको," मी ओरडले. आई कोणाचं ऐकते अशा वेळी? ती धावली. ओलीनं जाम झालेला खटका पहिल्या हिसड्याला हलला नाही. दुसऱ्याला पडला.

मागं वळून बघायची माझी हिंमत होईना. बघितलं तर मावशी भिंतीला कलंडलेल्या, लेक खाली बसलेली, तिच्या हातात तेलानं निसटणारं उघडं लेकरू. ते रडत नव्हतं. तिनं पाठीवर एक चापट मारली, दुसरी मारली. मला देवाचं नावसुद्धा सुचलं नाही. तिसऱ्या चापटीला ते रडलं.

दवाखान्यात संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. लेकराला काही झालं नव्हतं. मावशींचा हात मात्र आठ दिवस दुखत होता. घरी आल्यावर वायरमननं सगळं उलगडून सांगितलं. फ्रिजमधून करंट गळत होता, कोण जाणे कधीपासून. तीस वर्षांपूर्वी घराच्या अर्थिंगची तार पाण्याच्या पाइपालाच बांधलेली होती, तेव्हा सगळेच तसं करायचे. लोखंड जमिनीत गेलेलं, त्यामुळं करंट मुकाट्यानं मातीत जायचा. जमिनीतला पाइप प्लास्टिकचा झाला आणि ती वाट बंद झाली. आता करंट भिंतीतल्या पाइपात आणि नळात उतरत होता. टाइल्स फोडू दिल्या असत्या, तर ती तार नळवाल्याला दिसली असती.

दुसऱ्या दिवशी जवळच्याच गोरेगावहून विहीणबाई आल्या. तोवर गल्लीत माझा उदोउदो झालेला, बाईनं कसं डोकं चालवलं, मेन स्विच कसा पाडला. मीही ऐकून घेत होते. विहीणबाईंनी डोळे पुसत माझा हात धरला, तुमी होत्या म्हणून लेकरू वाचलं म्हणाल्या. लेक बाजूला दुपटी घड्या करत बसली होती. मला तिच्याकडे बघवेना.

"तिनं मला तीनदा सांगितलं होतं," मी म्हणाले. "म्या ऐकलं न्हाई."

विहीणबाईंनी हात सोडला. सव्वा महिना व्हायचा होता, तरी त्याच दुपारी जीप करून त्या लेकीला नि नातवाला घेऊन गेल्या. अडवायला मला तोंड कुठं होतं?

आता रोज सकाळी लेकीचा फोन येतो. बोलत काही नाही, चालू फोन न्हाणीच्या उंबऱ्यावर ठेवून देते. तांब्या बादलीत बुडाल्याचा आवाज येतो, पाणी पडतं, आणि मी जीव मुठीत धरून ऐकते. मग पोरगं भोकाड पसरतं. ती फोन उचलून विचारते, "रडला न, आई? ठेवू आता?"