पावणेचार हत्ती आणि एक पगडी

परवा फोनवर तुम्ही दोघं भांडत होतात. सिनेमातला तो उडणारा वीर इमारतीवरून पडणाऱ्या बाईला एका हातावर झेलतो, तेव्हा त्याच्या अंगात ताकद तरी किती असेल, यावरून. "आजीला काय विचारतोस, तिला कुठलं माहीत!" हे मला स्पष्ट ऐकू आलं. ते गणित मी तुमच्या आईच्या जन्माआधी, ग्वाल्हेरला, प्रयोगवहीच्या मागच्या पानावर केलं होतं. माझं पुढचं शिक्षण त्याच्यावर अडलं होतं, म्हणून क्रमाने सांगते.

मी इंटर सायन्सला होते. वडील सचिवालयात हेडक्लार्क. मध्य भारताची राजधानी सहा महिने ग्वाल्हेरला आणि सहा महिने इंदूरला असे, त्यामुळे वडील आणि फायली वर्षातून दोनदा प्रवास करत. आता मध्य भारतच मोडून मध्य प्रदेश होणार होता, आणि राजधानी कायमची भोपाळला जाणार होती. दिवाळीच्या सुमाराला आमचं बिऱ्हाड हलायचं होतं. वर्षाच्या मध्येच तिथे मुलीला सायन्सला कोण घेणार? माझ्यापुढे एकच वाट होती. गोरखी वाड्याजवळ राहणाऱ्या थोरल्या काकांनी मला ठेवून घ्यायला हवं होतं.

काका दरबारच्या कचेरीत होते. दरबार गेला, पेन्शन आली, आणि ते आळीच्या गणपतीसाठी नाटकं लिहू लागले. त्यांना माझ्या फिजिक्सचं मोठं कौतुक नव्हतं. "त्याने पोळी फुगते का?" असं ते विचारत. "फुगते, वाफेने," असं मी एकदा सांगितलं, तेव्हा दोन दिवस बोलले नाहीत.

त्या वर्षीच्या नाटकात एक दुष्ट मांत्रिक राजकन्येला ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरून खाली फेकतो आणि पायथ्याशी उभा असलेला सरदार तिला एका तळहातावर झेलतो. वडील आणि मी ऐकायला बसलो होतो. काकांनी वाचन संपवून माझ्याकडे पाहिलं.

"क्यों बेटा, तुझं सायन्स काय म्हणतं?"

मी वही उघडली. किल्ला तीनशे फूट. हात फार तर एक फूट खाली जाईल. तीनशे फुटांत कमावलेला वेग एका फुटात जिरवायचा, म्हणजे हातावर वजनाच्या तीनशेपट भार. राजकन्या किती वजनाची, असं मी विचारलं. काका म्हणाले, "सव्वा मण. नाजूक आहे." मी गुणाकार केला. पावणेचारशे मण. हत्ती साधारण शंभर मणांचा धरला, तर पावणेचार हत्ती.

काका उठून उभेच राहिले. "वाह! पावणेचार हत्ती! बघ रे, पोरगी हुशार आहे. हे वाक्य मी सरदाराच्या तोंडी घालतो."

मी इथेच थांबायला हवं होतं. पण गणित अर्धं सोडायची मला सवय नाही.

"पण काका, जितका भार हातावर, तितकाच राजकन्येवर. तिला जमिनीने मारलं काय आणि सरदाराने मारलं काय, एकच."

काकांचा चेहरा पडला, मग लाल झाला. "फिजिक्स शिकून हेच? राजकन्या मारायची?" ते वडिलांकडे वळले. "हिला भोपाळलाच घेऊन जा. माझ्या घरी नको."

 आतून काकू आल्या. "अहो, भांडता कशाला? टाकून बघा. राजकन्या नसली तरी घरात दोन कोहळे आहेत."

पहिला कोहळा मी गच्चीवरून अंगणात मांडलेल्या पाटावर सोडला. त्याच्या बिया भिंतीपर्यंत उडाल्या.

"झाली राजकन्येची भाजी," काकू म्हणाल्या.

"लांब कापड हवं," मी वरून ओरडले. "झोळीसारखं खाली जाणारं. वेग हळूहळू जिरला पाहिजे."

"माझ्या लुगड्याला हात लावायचा नाही," काकूंनी बजावलं.

काका आत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात पगडीचा डबा होता. दरबार उठल्यापासून ती फक्त दसऱ्याला बाहेर निघत असे. बांधणारा कारागीरही केव्हाच गाव सोडून गेला होता, म्हणजे एकदा सोडली की सुटलीच. चारचौघांत बोडकं डोकं दाखवणं हा आमच्याकडे अपमान. त्यांच्या नाटकातला सरदार तर मरतानासुद्धा पगडी सांभाळत असे. काका पीळ उलगडत गेले, चंदेरी कापडाच्या घड्या घातल्या, आणि एक टोक वडिलांच्या हाती दिलं.

दुसरा कोहळा झोळीत बसला. अख्खा.

काकांनी तो फिरवून फिरवून तपासला. मग पाटणकर बाजारात भाव करावा तसे म्हणाले, "ठीक आहे. सरदार पगडी सोडेल. पण किल्ला तीनशे फूटच."

"तीस."

"अडीचशे!"

"झोळी चार फूट खाली जाईल, काका. चाळीस फुटांपुढे मी राजकन्येची जबाबदारी घेत नाही. चाळिसाला दहापट होतं. हाडं वाचतील, बहुधा."

"बहुधा?" काका म्हणाले. पण त्यांनी खोडलं आणि लिहिलं.

नाटकाच्या दिवशी सरदाराने रंगमंचावर पगडी उतरवली, तेव्हा पुढच्या रांगेतले पेन्शनर खोकायचे थांबले. काकांचीच पगडी ती, कशीबशी पुन्हा गुंडाळलेली. राजकन्येचं काम करणारे गृहस्थ मुरारच्या छावणीला मिठाई पुरवत आणि बरीचशी स्वतः खात. किल्ला म्हणजे पडद्यामागे एकावर एक ठेवलेली दोन टेबलं. त्यांनी उडी मारली. चर्रकन आवाज आला, राजकन्या झोळीतून आरपार गेली आणि सरदार तिच्याखाली दिसेनासा झाला. टाळ्या थांबेनात.

पडदा पडल्यावर काका हातात फाटलेली चंदेरी घेऊन माझ्यासमोर आले. "क्या हुआ तेरे गणित को?"

"गणित बरोबर आहे," मी म्हटलं. "तुम्ही वजन सव्वा मण सांगितलं होतं. हे अडीचच्या खाली नाहीत."

काकांनी मागे वळून पाहिलं. राजकन्या गुडघा चोळत लाडू खात होती. ते वडिलांना म्हणाले, "तू जा भोपाळला. ही इथेच राहील. पुढच्या वर्षी पात्रं ठरवण्याआधी हिच्याकडून वजनं करून घ्यायची आहेत."

तेव्हा तुम्ही दोघंही भांडण थांबवा, आणि आधी त्या पडणाऱ्या बाईचं खरं वजन मला कळवा.