भिंतीवर वळवळणाऱ्या सावल्या

मंडळी, दुपारपासून जेवण जात नाहीये. कुणाला तरी सांगायला हवं.

आज समुद्रपूरजवळच्या एका गावात कार्यशाळा घेतली. प्रत्येक कुटुंबानं आपला सूक्ष्मदर्शक बनवायचा. सिरिंजच्या टोकाला पाण्याचा थेंब लटकवून त्यातून लेझर सोडला, की थेंबातलं सगळं भिंतीवर मोठं दिसतं. पाणी घरच्या माठातलं आणा, असं मीच सांगितलं होतं.

एका ताईंच्या थेंबात सावल्या वळवळल्या. पोरांनी टाळ्या पिटल्या. ताई मात्र भिंतीजवळ जाऊन निरखू लागल्या.

"सर, पाणी उकळलं असतं, तं हे मेलं असतं का?"

"हो तर! इतकं सोपं आहे!" मी उत्साहात म्हणालो.

त्यांनी लेझर बंद केला. त्यांची जाऊ हळूच मला म्हणाली, "तिच्या लेकराले मागच्या पावसाळ्यात हगवण लागलती, सर. वाचलं नाई."

निघताना ताईंनी ते यंत्र पदराखाली धरलं होतं. "रोज पाहीन," म्हणाल्या.

खरं तर हगवणीचे जंतू त्या यंत्रात सहसा दिसतच नाहीत. उद्या जाऊन त्यांना हे सांगेन. पण पाणी उकळण्याबद्दल जे बोलून बसलो, ते तर खरंच आहे. त्याचं काय करू?