बर्फाचा बांध

आमच्या लेनमध्ये कौन्सिलचा बर्फ काढायचा ट्रक येत नाही. वॉटफर्डच्या बाहेर, हमरस्त्यावरून फुटून शेतात संपणारी ही खासगी लेन आहे आणि तिच्यावर दोनच घरं आहेत. मध्यावर आमचं आणि वरच्या टोकाला त्याचं. त्याचं नाव मला माहीत आहे, पण घरात आम्ही त्याला ट्रॅक्टरवाला म्हणतो आणि तेच त्याला पुरे आहे. जन्मभर शेती केलेला, उंच, लाल गालांचा माणूस. बर्फ पडला की तो आपला मोठा ट्रॅक्टर काढायचा, पुढे तिरकं लोखंडी पातं लावायचा आणि वरून खाली हमरस्त्यापर्यंत लेन साफ करायचा. पातं तिरकं असल्यामुळे सगळा बर्फ डाव्या हाताला पडायचा. डाव्या हाताला आमचं गेट आहे.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका बर्फाच्या सकाळी पुण्याहून भावाचा फोन आला की आई गेली. दुपारी एकचं विमान मिळालं तर मी उजाडेपर्यंत पुण्यात पोचणार होते. भाऊ म्हणाला, सकाळपर्यंत थांबतो, त्याहून जास्त थांबता येणार नाही. मी कपाटातून हाताला लागतील ते कपडे बॅगेत कोंबले. नवऱ्याने गाडी गरम करून ठेवली. बाहेर येऊन बघते तर ट्रॅक्टर नुकताच गेटसमोरून गेलेला आणि गेटच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत मांडीइतक्या उंचीचा बर्फाचा बांध. नुसता पडलेला बर्फ भुसभुशीत असतो. पात्याने रेटलेला बर्फ ओल्या सिमेंटसारखा बसतो.

तो खालून परत वर चालला होता. मी हात करून त्याला थांबवलं आणि सांगितलं की मला विमान गाठायचं आहे, तेवढं गेट मोकळं करून द्या. त्याने पातं सरळ करून एक फेरी मारली असती तर काम होतं. त्याने मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं.

"सॉरी लव्ह," तो म्हणाला (इथे कुणालाही लव्ह म्हणतात), "मी लेन करतो. गेट ज्याचं त्याने बघायचं. माझ्याकडे पाच मिनिटंसुद्धा नाहीत."

आणि गेला. आमच्याकडे फावडं म्हणून एक प्लॅस्टिकचं खेळणं होतं, ते तिसऱ्या घावाला मोडलं. मग नवऱ्याने कोळशाचं छोटं खोरं घेतलं आणि मी ओव्हनचा ट्रे. सव्वा तास लागला. हीथ्रोला पोचलो तेव्हा काउंटर बंद होऊन बारा मिनिटं झाली होती. विमान वेळेवर सुटलं. त्याला उशीर झाला असता, बर्फाने एअरपोर्ट बंद पडला असता, तर मी नशिबाला बोल लावून गप्प बसले असते. आईला अग्नी दिलेला मी फोनच्या स्क्रीनवर बघितला. भाच्याने गर्दीच्या मागून फोन धरला होता, त्यामुळे नीट दिसलंही नाही.

मी हाडांची सर्जन आहे. चिडणं मला नवीन नाही, ऑपरेशन थिएटरमधले लोक सांगतील. पण माझा राग येतो आणि जातो. हा गेला नाही. मी डूख धरला. पुण्याहून तेरावं करून परत आले त्या आठवड्यात मी नवऱ्याला सांगितलं की याचं उट्टं काढल्याशिवाय मी राहणार नाही. पुढच्या बर्फात त्याच्या गेटला बांध घालायचा, आणि तो पाच मिनिटं मागायला आला की त्याचंच वाक्य त्याला ऐकवायचं. नवरा जात्याच सौम्य, मुलांचा डॉक्टर. तो म्हणाला, अगं, सोड ना. मी सोडलं नाही.

घरामागे आमचं दोन एकर गवत आहे आणि ते कापायला नवऱ्याने हौसेने घेतलेला जुना करडा ट्रॅक्टर आहे, वयाने माझ्याएवढाच. त्याला पुढे काही लावायची सोय नाही. मागे अवजार उचलायचे दोन दांडे आणि त्यांच्यावर तिसरा दांडा, एवढंच. म्हणजे बर्फ रेटायचा तर उलटं चालवत, मान मागे वळवून रेटायला हवा. मला तिरकं पातं नकोच होतं. तिरकं पातं बर्फ वाटेत टाकत जातं. मला हवी होती पुढून उघडी पेटी, जी सगळा बर्फ पोटात धरून मी नेईन तिथे नेऊन टाकेल. याला स्नो पुशर म्हणतात, हे अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचे व्हिडिओ बघून कळलं. महिनाभर जेवताना मी तेच बघत होते.

हमरस्त्यावर गटारांचं काम चाललं होतं. तिथल्या मुकादमाला व्हिस्कीची बाटली देऊन काळ्या जाड प्लॅस्टिकचा सात फुटी पाइप मिळवला, अडीच फूट व्यासाचा. तो उभा चिरला की आयती गोलाई मिळते आणि बर्फ तिच्यात गुंडाळत जातो. पायाचं प्लास्टर दोन्ही बाजूंनी उभं कापून शिंपल्यासारखं उघडतात, तसाच मी तो पाइप चिरला. तीस वर्षं ज्या हाताने प्लास्टरं कापली त्याच हाताने, फक्त करवत मोठी. आधीच्या मालकाने टाकून दिलेलं शेताचं लोखंडी फाटक कुंपणाशी पडलं होतं. ते अर्धं कापून त्याचा सांगाडा केला. दोन्ही बाजूंच्या भिंतींना किचनच्या ओट्याचा जुना ओक लाकडाचा वर्कटॉप वापरला. मुलगी स्टॅनमोरहून आली होती, ती गॅरेजच्या दारात उभी राहून बघत राहिली. नवऱ्याने तिला सगळं सांगितलेलं दिसत होतं, कारण ती काही विचारत नव्हती, फक्त चहा आणून देत होती.

मी पाइप, सांगाडा आणि ट्रॅक्टरचे दांडे एकमेकांना सोळा बोल्टांनी आवळले. तसूभर हलणार नाही असं. नोव्हेंबरात कोरड्या लेनवर चाचणी घेतली. दहा पावलांवर गटाराच्या झाकणाची कड वर आली आहे, तिच्यात पेटीची खालची धार अडकली, ट्रॅक्टर घोड्यासारखा उडाला, चार बोल्ट तुटले आणि माझी जीभ दातांखाली सापडली. नवरा धावत आला. मी रक्त थुंकत हसत होते, कारण चूक लख्ख समजली होती. मोडलेलं हाड हलू द्यायचं नसतं, हे डोक्यात इतकं मुरलंय की मी पुशरचंही ऑपरेशन केलं होतं. जमिनीवरून चालणाऱ्या अवजाराला थोडं डुलू द्यावं लागतं. वरचा दांडा काढून तिथे साखळी लावली आणि खालच्या कडेला घोड्यांच्या तबेल्यात अंथरतात त्या जाड रबराची पट्टी ठोकली. पुढच्या चाचणीत पेटी झाकणावरून अलगद उचलली गेली आणि पलीकडे उतरली.

मग बर्फच पडला नाही. एक अख्खा हिवाळा नुसता चिखल. दुसऱ्या हिवाळ्यात दोनदा भुरभुर झाली आणि दुपारपर्यंत वितळली. हॉस्पिटलात लोक म्हणायचे, काय छान, यंदा घसरून मोडलेले मनगटवाले कमी. मी दात-ओठ खात वेदर ॲप बघायचे. मुलगी फोनवर तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आई, तू सिरियसली स्नोसाठी प्रे करतोय? नॉर्मल लोक उलटा प्रे करतात." दर रविवारी मी शेडमध्ये जाऊन साखळीला ग्रीस लावायचे.

या दोन वर्षांत ट्रॅक्टरवाला लंगडू लागला. लेनवरून चालताना तो कसा पाऊल टाकतो हे बघूनच मला कळलं होतं की उजवा गुडघा गेला आहे आणि वेळेत दाखवलं तर बरंच वाचवता येईल. दुसऱ्या कोणाला मी रस्त्यात थांबवून सांगितलं असतं. त्याला नाही सांगितलं. नंतर त्याच्या हातात काठी आली, आणि गेल्या उन्हाळ्यात त्याचा मोठा ट्रॅक्टर विकला जाऊन एका लॉरीवर चढून गेला. मी खिडकीतून बघत होते. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

यंदा जानेवारीत अखेर पडला. सकाळी पडदा सरकवला तर कुंपणाच्या खालच्या तारेपर्यंत पांढरं. शनिवार होता. मी थर्मासमध्ये चहा भरला, दोन स्वेटर चढवले आणि ट्रॅक्टर काढला. आधी आमच्या गेटपासून खाली हमरस्त्यापर्यंतची लेन साफ केली, तो बर्फ खालच्या खड्ड्यात टाकला. मग ट्रॅक्टर वळवून वरच्या दिशेला पाठ केली आणि मान मागे टाकून चढ चढू लागले. पेटी सुरेख चालली. गोलाईत बर्फ वळत होता, ओकच्या भिंती त्याला बाहेर सांडू देत नव्हत्या. त्याच्या गेटसमोर आल्यावर मी पेटी उचलली आणि ओझं तिथेच सोडलं. अशा चार खेपा केल्या. चौथ्या खेपेला त्याच्या गेटला या खांबापासून त्या खांबापर्यंत बांध झाला होता, आमच्याकडे होता त्याहून वीतभर उंच.

ट्रॅक्टर बंद करून मी चहा ओतला. तो बाहेर आला. एका हातात काठी, दुसऱ्यात फावडं. बांध बघितला, मला बघितलं, हात वर करून गुड मॉर्निंग म्हणाला. मग काठी गेटला टेकवून खणू लागला. तक्रार नाही, शिवी नाही. दोन-तीन फावडी झाली की गेट धरून उभा राहायचा. हे दृश्य मी तीन वर्षं मनात रंगवलं होतं आणि आता ते समोर चाललं होतं, तर चहा गार झाला. शेवटी त्याने विचारलं, पाच मिनिटं आहेत का, हे जरा पुढे ढकलता येईल का.

मी वाक्य तयारच ठेवलं होतं. म्हटलं, "मी लेन करते. गेट ज्याचं त्याने बघायचं."

त्याने फावडं बर्फात रोवलं. मग मान डोलावून म्हणाला, बरोबर आहे. आणि परत खणू लागला. त्याला काही आठवलंच नव्हतं. जो नियम त्याने मला लावला तोच मी त्याला लावला आणि त्याला तो रास्त वाटला. माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. माझं डोकं फिरलं, त्या सकाळी फिरलं नव्हतं इतकं. मी ट्रॅक्टर सुरू केला, त्याला बाजूला व्हायला सांगितलं, मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि पेटी खाली टाकली. गेटच्या पलीकडे लेन शेतात संपते. तीन दणक्यांत सगळा बांध तिथे कुंपणाशी नेऊन टाकला. गेट मोकळं झालं, खालची खडी दिसायला लागली. ट्रॅक्टरवरून उतरले, त्याच्यासमोर गेले आणि घड्याळ त्याच्या डोळ्यांपुढे धरलं.

"चार मिनिटं," मी म्हटलं. "तीन वर्षांपूर्वी तुमच्याकडे नव्हती ती. माझी आई गेली होती आणि मला पुण्याला जायचं होतं. तुमच्या बर्फामुळे माझं विमान बारा मिनिटांनी चुकलं. तिला पोचवायला मी तिथे नव्हते."

त्याने मोकळ्या झालेल्या खडीकडे बघितलं. लाल गाल पांढरे पडले.

"तुम्ही एअरपोर्ट म्हणालात," तो म्हणाला. "हातात बॅग होती, तुम्ही हसत होतात. मला वाटलं, सुट्टीला निघालात."

मी हसत होते. ते मला तिथे उभ्या उभ्या आठवलं. तीस वर्षं इथे राहून अंगवळणी पडलेलं ते हसू. कामापुरतं बोलायचं, घरचं दुःख परक्याच्या दारात न्यायचं नाही, काही मागायचं तर आधी सॉरी म्हणून हसायचं. मी त्याला विमान सांगितलं होतं, गेट सांगितलं होतं. आई सांगितली नव्हती. तो पुढे काहीतरी म्हणत होता, सांगितलं असतंत तर ट्रॅक्टरवर बसवून हमरस्त्यापर्यंत नेलं असतं, असं काहीतरी. आता हे म्हणायला त्याचं काय जातं, असं मनात आलं. मी ट्रॅक्टरवर चढले. निघताना एवढंच म्हटलं की तो गुडघा दाखवा, उशीर करताय. मी त्याला माफ केलेलं नाही, आजही नाही.

घरी आले तर नवरा गेटशी उभा होता. पुशर कसा चालला, त्याने विचारलं. मी म्हटलं, उत्तम चालला. मग तो घुटमळला आणि म्हणाला, "आईचं सांगितलंस त्याला?"

"हो," मी म्हटलं. "आज सांगितलं."