उन्हाची बेगमी

चहा ओता आधी, मग माझ्या हुशारीचा किस्सा ऐका. हसू आलं तर खुशाल हसा, मीही हसते.

साठ-एकसष्टची गोष्ट. रत्नागिरीहून नवऱ्यामागे आले आणि भाईंदरला, मिठागरांलगतच्या खारी गावात एका खोलीत संसार मांडला. माझी सुलू वर्षाची झाली तरी उभी राहीना. पाय टेकवले की बाहेरच्या बाजूला वाकायचे. डॉक्टर म्हणाले, मुडदुसाची सुरुवात आहे, घाबरू नका. तेल लावून रोज सकाळी कोवळ्या उन्हात खेळवा. आणि आत्ताच काय ते करा, पावसात ऊन कुठून आणणार?

झालं! मी पडले कोकणातली. पावसात मिळत नाही ते आधीच वाळवून, मुरवून डब्यात भरायचं, हे आम्हाला शिकवावं लागत नाही. सुकट भरतो, आमसुलं भरतो, मग ऊन का नाही भरायचं?

खरं कारण वेगळंच होतं म्हणा. सावळी म्हणून मला किती नकार आले, ते माझं मला ठाऊक. पोरीला उन्हात बसवून माझ्यासारखी काळी करू? डॉक्टर पुरुषमाणूस, त्यांना काय कळतंय मुलीच्या लग्नाचं! तेव्हा ऊन तेलाला द्यायचं आणि तेल सुलूला, असा मधला मार्ग मी काढला.

शेजारची बायजाबाई मिठागरावर कामाला जायची. तिच्याबरोबर तिळाच्या तेलाची बाटली रोज जाऊ लागली. मिठाच्या ढिगावर दिवसभर ऊन खायची आणि संध्याकाळी बायजाबाईच्या पदराखालून घरी यायची. एवढे लाड माझ्या नवऱ्याचेही कधी झाले नाहीत. बायजाबाई बाटली हलवून सांगायची, "तेलान ऊन चांगला मुरला हाय गो." सुलू मात्र टोपडं घालून घरात, खिडकीलाही पडदा.

मग पावसाळाभर मी ते तेल चोळलं. पोर तुकतुकीत झाली, पाय आणखी वाकले. पाऊस सरल्यावर तिला कडेवर आणि बाटली पिशवीत घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं, तेलाचा वास घेतला.

"आणि हिला ऊन?"

"हिला कशाला? तेलाला दिलंय ना, उन्हाळाभर."

त्यांनी बाटली बूच लावून माझ्या हातात दिली. मग हळूच म्हणाले, "बाई, हाडं बाटलीची वाकली नव्हती."

त्या हिवाळ्यात मी तिला उघडीच मिठागराच्या बांधावर घेऊन बसायचे. सुलू चालली, पण पाय पुरते सरळ काही झाले नाहीत. डुलत डुलत शाळेत जायची, पोरं चिडवायची, आणि मी चुलीपुढे बसून रडायचे.

पुढे तिला बघायला पहिले पाहुणे आले. मुलाची आई एकदम खूश. "मुलगी गोरीपान आहे हो तुमची." माझं काळीज सुपाएवढं झालं. मग त्या म्हणाल्या, "जरा चालून दाखव, बाळ."

सुलू उठली. दारापर्यंत गेली, परत आली. त्यानंतर पोह्यांना कुणी हात लावला नाही.

ते गेल्यावर बशा गोळा करता करता ती माझ्याकडे बघून हसली. "आई, रंग मात्र छान राखलास हं माझा."

समोर फळीवर ती तेलाची बाटली अजून होती. सगळं ऊन खाऊन, कशी ताठ उभी!