न विकलेला चारा

शहागंजात कूलरच्या मोटारीवरून दुकानदाराशी हुज्जत घालत होतो, तेवढ्यात भाच्याचा, गणेशचा फोन आला. "मामा, आई गेली..." एवढंच बोलला. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. दुकानदाराने माझा चेहरा पाहिला आणि भांडण सोडून स्टूल पुढे केलं. "बैठो चाचा," म्हणाला. गिरजाआक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, त्यामुळे मला वाढवलं तिनेच, आणि माझे केस पिकले तरी चारचौघांत माझा कान धरायला ती कधी मागेपुढे पाहत नसे. आता महिना उलटला. भेटायला येणारे तिच्या कष्टांबद्दल बोलतात. मला मात्र ती दिसते कम्प्युटरसमोर, चष्मा नाकावर ओढून पडद्यावरच्या मेंढ्यांना शिव्या घालताना.

आम्ही मूळची मेंढरं राखणारी माणसं. आक्काला चितेगावात दिली, तिथे थोडी शेती आणि मोठा कळप. दाजी हिशेबी. एका दुष्काळात चाऱ्याचा भाव आभाळाला भिडला, तेव्हा त्यांनी साठवलेला सगळा कडबा विकून टाकला. गावाने वाहवा केली, मीही केली. पुढच्या वर्षीही पाऊस आला नाही... कळप व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये चढवत होते तेव्हा आक्का घराबाहेर आली नाही. मेंढरांचा ओरडा मात्र आतपर्यंत येतच होता. दाजी त्यानंतर खचले आणि काही वर्षांत गेले. मग शहर पैठण रोडने सरकत सरकत गावाच्या अंगावर आलं. आधी कंपन्या, मग प्लॉटिंग. जमीन थोडी थोडी करून गेली, राहिला विहिरीजवळचा एक तुकडा, आक्काच्या नावावरचा. कंपनीत नोकरीला असलेल्या गणेशने आईला फ्लॅटमध्ये आणलं. मुलीच्या इंजिनीअरिंगसाठी त्याला तो तुकडा विकायचा होता आणि आक्का काही केल्या सही करेना.

तेव्हा या शहाण्या भाच्याने डोकं लढवलं. कुणाचा तरी जुना कम्प्युटर आणून त्यात शेतीचा गेम टाकला. जमीन, ट्रॅक्टर, मेंढ्या, सगळं पडद्यावर. मी तिथेच होतो. "आई, हे घे तुझं शेत. हितलं पाणी कधी आटत नाय," तो म्हणाला. आक्काने पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "म्हंजी ते देऊन टाकायचं आन् ह्यात खेळत बसायचं, व्हय रं?" मला वाटलं, आता ही ते यंत्र गॅलरीतून खाली भिरकावणार. तिने खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, "दाव कसं चालवायचं."

आणि काय शिकली! या खेळात नवखा माणूस पहिल्या दिवशी मोठा ट्रॅक्टर घेतो आणि कंगाल होतो. आक्काने जुनाच ठेवला. अवजारं भाड्याने घेऊन दुसऱ्यांची नांगरणी-पेरणी करून आधी पैसा उभा केला. धान्य निघालं की लगेच विकायचं नाही, कोठारात ठेवायचं, भाव चढला की काढायचं. गणेशचे कंपनीतले मित्र घरी येऊन "मावशी, पैसा लवकर कसा वाढवायचा?" असं विचारू लागले. "आधी शानपना कमी करायचा," ती म्हणे. मी तिला चिडवायचो, की आक्का, हाताला माती न लागता बागायतदारीण झालीस. ती हसायची, पण ते हसणं मला कधी बरं वाटलं नाही.

एक गोष्ट मात्र ती करत नसे. चाऱ्याचे गठ्ठे ती विकत नसे. गोठ्यामागे, बांधाला, चांगल्या पिकाऊ रानातसुद्धा तिने गठ्ठ्यांच्या थप्प्या लावल्या होत्या. गणेशला ते बघवेना. एका संध्याकाळी तो म्हणाला, "आई, लई भाव चढलाय, विक की. एवढा चारा कशाला? ह्या गेमात दुष्काळच नाय."

"कुनी सांगितलं?"

"ज्यांनी बनवला त्यांनी. कितीबी खेळ, दुष्काळ पडणारच नाय."

आक्काने माउसवरचा हात काढून घेतला. "तुज्या बापाला बी लोकांनी हेच सांगितलं व्हतं. लागोपाठ दोन वर्सं कोरडी जात नाय म्हनून..."

गणेश उठून आत गेला. त्या लोकांमध्ये मीही होतो, हे आक्काला ठाऊक होतं, पण तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. सहीचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही आणि ती सही न करताच गेली.

गेल्या रविवारी गणेश तो कम्प्युटर घेऊन माझ्या दारात उभा. तुकडा आता त्याच्याकडे येणार, आणि त्याने इसार घेतला आहे. "मामा, हे तुमच्याकडं ठेवा. हे समोर असलं की माझ्यानं सही व्हणार नाय." मला राग आला. पण बोलू काय? पोरीची ॲडमिशन तोंडावर आली आहे, विहीर कोरडीठाक आहे. तो चुकतोय असं छातीठोकपणे सांगता येत नाही आणि बरोबर आहे असं तोंडातून निघत नाही. शेवटी त्याने वायरी जोडल्या, मेंढ्यांना पाणी कसं पाजायचं, चारा कसा घालायचा ते मला दाखवलं.

आता संध्याकाळचा चहा झाला की मी आक्काच्या मेंढ्यांना चारा घालतो. माझ्या हयातीत संपणार नाही एवढा तिने साठवून ठेवला आहे. विकायचा कसा, तेही गणेश दाखवत होता. मी म्हटलं, राहू दे.